कचऱ्यात गेलेला माल

अंबडच्या शेडमध्ये पट्टा धडधडत होता आणि लोहखनिजाचा तांबडा माल थेट कचऱ्यात उडत होता.

"परवा हेच यंत्र एक दगड चुकत नव्हतं!" जहिदा ओरडली. यंत्र तिनंच बनवलेलं. कॅमेऱ्यानं दगडाचा रंग बघायचा. तांबडा माल डावीकडे, करडा कचरा उजवीकडे, हवेच्या झोतानं फट्! "मोहिनीताई, खाणवाले तासाभरात येतील. शेठ म्हणतात चूक माझीच. आज चाललं नाही तर उद्यापासून घरी."

गुप्तहेर मोहिनी बोरस्ते सोबतच्या दत्तूकडे वळली. "आपणही तेच करू. एकेक जबाब पट्ट्यावर. निवड तू कर."

दत्तू खुलला. निवडायला काय अक्कल लागते?

जहिदा: "सकाळी बटण दाबलं. आत पांढरी फरशी असते. पांढरं म्हणजे काय, ते यंत्र तिच्यावरून ठरवतं. मग दगड बघतं."

कचरा. फरशी कुठं गुन्हा करते?

झाडलोट करणाऱ्या वत्सलाबाई: "काल दसरा ना! मशिनीला हळद लावली, फूल वाहिलं. कुंकवाची डबी रिकामी. आणायचं ऱ्हाऊनच गेलं बघा."

कचरा. पूजेचं काय एवढं?

मालक सुनीलशेठ, कालच्याच चुरगळल्या रुमालानं घाम पुसत: "मी लांबूनच हात जोडले. यंत्राला बोट लावलं असेल तर शपथ!"

"रुमालाला लाल काय लागलंय?" मोहिनीनं विचारलं.

"हे होय? कालच्या पूजेचं कुंकू."

रुमाल कचरा. शपथ माल! स्वतःचं यंत्र कोण बिघडवेल?

"ताई, उरली जहिदाच," दत्तू म्हणाला.

"तूही या यंत्रासारखाच बिघडलास. उचल तो सगळा कचरा!"

मोहिनीचे डोळे लकाकले. "शेठ, खनिजाची धूळ म्हणाला असतात तर सुटला असतात. कुंकू म्हणालात. कुंकू तर काल शेडमध्ये नव्हतंच! मग लाल आलं कुठून? दत्तू, शर्टावर हळद सांडली आणि साबण लावला की?"

"लाल होते!" दत्तू उडालाच. "बायको शिव्या घालते!"

"शेठनी फरशीला हळदीचं बोट लावलं. घाबरून रुमालानं, साबणानं पुसलं. डाग लाल झाला, फरशी तशीच आत सरकवली. सकाळी यंत्र शिकलं, हे लालसर म्हणजेच पांढरं. मग तांबडा दगड फिकाच दिसणार!"

जहिदानं फरशी उपसली. गुलाबी!

सुनीलशेठनी रुमाल मुठीत दडवला. "यश यावं म्हणून यंत्राच्या डोळ्यासमोरच हळद लावली हो..."

"आणि बोलला नाहीत?" जहिदाचा आवाज फाटला. "मला घालवणार होतात!"

"मालकानं चुकलो म्हणायचं कुणापाशी?"

"माझ्यापाशी."

फाटकात हॉर्न वाजला. जहिदानं नवी फरशी बसवली, बटण दाबलं. तांबडा डावीकडे, करडा उजवीकडे. फट्! फट्! एक दगड चुकेना.

दत्तूनं शेठच्या हातातला रुमाल ओढला आणि पट्ट्यावर फेकला. फट्!

डावीकडे.

"माल!" दत्तू म्हणाला.