बगळ्याची चोच, शेपूट आणि पाय

"हवा मिळेल का?" असं विचारत तो आमच्या यार्डात शिरला.

मी शिडीवर होते. एका हातात हीट गन, दुसऱ्या हातात जुन्या पट्ट्याचं टोक. मान न वळवताच म्हटलं, "हवा पुढच्या वळणावर. इथे फक्त स्टिकर."

मग मान वळवली... आणि शिडीवरून पडायचीच राहिले. त्याच्याकडे बघून नव्हे. त्याचा तसा समज झाला खरा, पण मी बघत होते त्याच्या गाडीकडे.

गाडी म्हणजे फिरतं घर होतं. आत पलंग, शेगडी, खिडक्यांना पडदे. बाहेरचं अंग पांढरं आणि त्यावर निळा बगळा, चांगला माणसाएवढा. पण काय त्याची दशा! मान तडकलेली, पंख कडेनं वळून वर आलेले, आणि चोचीचा तर पत्ताच नाही.

"प्रेशरच्या धारेनं धुतलीत ना?" मी विचारलं.

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"नळी अगदी जवळ धरून, खालून वर."

"...हो."

"बगळ्याची मान कापलीत तुम्ही."

तो ओशाळला. "मला वाटलं, स्वच्छ होतोय."

खिडकीतून आत्याचं हसू ऐकू आलं. आत्या आत मशीनवर व्हिनाइलची नक्षी कापते, आणि मशीन थंड असलं की गिऱ्हाइकांना कापते. यार्ड बाबांचं. जन्मभर त्यांनी गाड्यांवर पट्टे लावले, पण खांद्यानं दगा दिला तेव्हापासून शिडी माझी झाली. तरी लावलेल्या प्रत्येक कडेवरून बाबा अंगठा फिरवायचे. फिरवून झाला की "हं" म्हणायचे. त्या "हं"साठी मी काय वाट्टेल ते केलं असतं.

त्याला हवा हवी होती, पण बगळा आमच्याकडे राहिला. तो तळ्यांचं पाणी तपासायचा. गावोगावच्या तळ्यांवर जायचं, बाटल्या भरायच्या, काठावर गाडी लावून तिथेच राहायचं. उंच, सडपातळ, आणि विचार करताना एक पाय दुसऱ्यावर टेकवून उभा राहायची सवय. आत्यानं पाच मिनिटांत बारसं उरकलं.

"हा बगळाच आहे गं. गाडीवरचा सुटा झालाय."

जुना स्टिकर काढायला दोन दिवस गेले. गरम हवा द्यायची, कड उचलायची, आणि तिरकं, सावकाश ओढत न्यायचं. घाई केली की तुकडे पडतात. तो स्टुलावर बसून बघत राहिला. म्हटलं, "तुम्हाला तळी नाहीत का तपासायची?"

"तळी कुठे पळून जातात?"

"आणि मी पळून जाणार आहे?"

"तुम्ही शिडीवर आहात... म्हणजे पळालात तरी आधी उतरावं लागेल."

मी हीट गन जरा त्याच्या दिशेनं वळवली. तो स्टुलासकट मागे सरकला.

बगळा निघाला तेव्हा खाली त्याची सावली राहिलेली दिसली. भोवतालचा रंग उन्हानं विटला होता आणि स्टिकरखालचा कोराच होता. पांढऱ्यात पांढरा बगळा.

"हा जात नाही?" त्यानं विचारलं.

"हा राहणारच. नवा थोडा मोठा कापायचा, म्हणजे झाकला जातो."

"जुनं असं सगळ्यांचंच राहत असेल, नाही?"

"तुमचं काय राहिलंय?"

"माझं काहीच नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "माझा रंग कोरा आहे."

आतून आत्या म्हणाली, "लाजला गं! गुलाबी झाला!"

नवा बगळा मी सकाळच्या गार वेळेत लावला. गाडीचं अंग पुसून लख्ख केलं, साबणपाणी फवारलं, टेपनं माप धरलं, आणि रबरी पट्टीनं मधून कडेकडे पाणी काढत नेलं. एक फुगा नाही, एक सुरकुती नाही. बाबांनी अंगठा फिरवला. "हं," म्हणाले. मग आणखी एकदा फिरवला आणि म्हणाले, "भाड्यानं गाड्या देणाऱ्या बाईंच्या बारा गाड्या येतायत. सगळ्यांचे पट्टे बदलायचेत. असंच काम राहिलं तर त्या तुझ्या हाती देतो. नाहीतर दादाला बोलवावं लागेल."

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. शहरातल्या एका यार्डात काम करतो. त्याच्या पट्ट्यांखाली इतके फुगे असतात की गाडी गोवर आल्यासारखी दिसते, आणि विचारलं तर म्हणतो, "उन्हात बसतील." तरी बारा गाड्या म्हटल्यावर बाबांना दादाच आठवला.  मनात म्हटलं, बगळाच बोलेल माझ्या वतीनं.

आठ दिवसांनी बगळा बोलला.

"चोच जरा सुटलीये," तो म्हणाला. तोंड पाडून म्हणाला, पण डोळे काही पडलेले नव्हते.

चोच पुढच्या कडेला. वारा पुढची कड उचलतो, पाणी खालची. म्हटलं, वारा असेल. मनातून मात्र चरकले... त्या जागी पुसताना हात हलका पडला का? चोच नवी लावली. तो तासभर गप्पा मारत बसला. बाबांनी अंगठा फिरवला, पण "हं" आलं नाही.

सहा दिवसांनी शेपूट.

"इथल्या पाण्यात क्षार असतील," बाबांच्या चेहऱ्याकडे बघत तो घाईनं म्हणाला. "साबणपाण्याचं पाणी बघतो मी तपासून." आणि खरंच त्यानं आमच्या नळाचं पाणी बाटलीत भरून नेलं.

"चाळीस वर्षं याच पाण्यानं काम केलं," तो गेल्यावर बाबा म्हणाले. "पाण्याला काय झालंय?" पुढचं ते बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी लावलेली प्रत्येक कड ते दोन-दोनदा तपासू लागले. मीही तपासू लागले. हाताला विचारत लावलं की हात चुकतो. एका दिवसात तीन पट्टे मी काढून परत लावले.

"तुझा हात बिघडला नाही," आत्या म्हणाली. "तुझं लक्ष बिघडलंय. तो बगळा ध्यान लावून बसतो आणि तळ्यात त्याला मासा एकच दिसतो."

"आत्या, माझं कामावर लक्ष असतं."

"असतं की. त्याची गाडी आली की जास्तच असतं."

हे खोटं नव्हतं. त्याची गाडी वळणावर दिसली की मी शिडीवरून उतरून हात पुसायचे आणि परत शिडीवर चढायचे. पण प्रत्येक वेळी गाडीसोबत माझी एक चूक यायची. तो यावा असंही वाटे, आणि येऊ नये असंही.

भाडेवाल्या बाई ज्या सकाळी आल्या, नेमका त्याच सकाळी तो तिसऱ्यांदा आला. बाई ठेंगण्या, बोलायला रोखठोक. यार्डाच्या मध्ये उभ्या राहून बाबांना विचारत होत्या, "काम करणार कोण? माझ्या गाड्या उन्हापावसात फिरतात. पट्टा सुटलेला मला चालत नाही."

तेवढ्यात गाडी आत आली. तो हसत उतरला. "या वेळी पाय," म्हणाला.

बाई वळल्या. बगळ्याचा पाय गुडघ्यापासून लोंबत होता.

"हे कुणाचं काम?"

बाबा माझ्याकडे बघेनात. दादाला फोन लावायला त्यांचा हात खिशाकडे गेला, तो मी पाहिला.  मी गाडीजवळ जाऊन खाली बसले आणि सुटलेला पाय उलटा करून बघितला.

मागचा गोंद स्वच्छ होता.

वाऱ्यानं हळूहळू सुटलेल्या कडेला धूळ लागते. गोंद काळा पडतो. हा गोंद तर आरशासारखा. म्हणजे हा आज सकाळीच सुटला होता. आणि कडेला एक बारीकशी खूण होती, द्वितीयेच्या चंद्रासारखी. अशी खूण वारा करत नाही. पाणीही करत नाही.

मी उठले. "अंगठा दाखवा," म्हटलं.

"कुणाचा?"

"तुमचा."

त्यानं हात मागे घेतला. आत्या बाहेर आली होती. तिनं लहान मुलाचा धरतात तसा त्याचा हात धरून पुढे केला. नखाखाली करडा चिकट गोंद अडकला होता.

 मग तो म्हणाला, "मीच काढला."

"आजचा?" बाबांनी विचारलं.

"तिन्ही वेळा. चोच, शेपूट, पाय."

"का?"

"...हवा भरायला येत होतो."

"हवा पुढच्या वळणावर!" आत्या आणि मी एकदमच ओरडलो.

त्यानं माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. मग तो बाबांकडे वळला, आणि पहिल्यांदाच दोन्ही पायांवर सरळ उभा राहिला.

"काका, यात यांची काही चूक नाही. काम सुटत नव्हतं. चोच काढायला मला अर्धा तास लागला. आधी नखानं खरवडली, नख तुटलं. मग लोणी लावायची सुरी घेतली, ती वाकली. शेवटी किटलीची वाफ दिली तेव्हा टोक उचललं. शेपटीला तर पाऊण तास. पायाच्या वेळी मी इतका घामाघूम झालो की गाडीच्या सावलीत जाऊन बसलो. केळ्याची साल निघते तसं निघेल वाटलं होतं. अहो, यांनी लावलेलं निघतच नाही!"

भाडेवाल्या बाई पुढे झाल्या. त्यांनी बगळ्याच्या पंखाची कड नखानं खरवडली. एकदा, दोनदा. मग स्वतःच्या नखाकडे बघितलं.

"बाराही गाड्या या मुलीच्या हाती द्या," त्या म्हणाल्या. "आणि या गृहस्थांना माझ्या गाड्यांच्या जवळपास फिरकू देऊ नका."

बाबांनी खिशातला हात बाहेर काढला. मला वाटलं होतं, आता मला आनंद होईल. झाला, पण त्याच्या आधी राग आला. पाय परत लावून देताना मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"रागावलात?" त्यानं हळूच विचारलं.

"पंधरा दिवस मी माझ्या हातावर संशय घेतला. स्वतःच्या हातावर! तुम्हाला गंमत वाटली."

"मला... तुम्हाला भेटायला दुसरं काही सुचलं नाही."

"यापुढे काही मोडून माझ्याकडे यायचं नाही. समजलं?"

"समजलं," तो म्हणाला आणि गेला.

बारा गाड्यांना पंचवीस दिवस लागले. तो आला नाही. इतका शब्दाचा पक्का निघेल असं वाटलं नव्हतं. वळणावर पांढरी गाडी दिसली की माझी मान फिरायची, आणि आत्या म्हणायची, "हीट गन पट्ट्यावर धर गं, रस्त्यावर नको." पहिले आठ दिवस मी मनात त्याच्याशी भांडत होते. पुढचे आठ दिवस भांडायला तरी त्यानं यावं असं वाटत होतं. त्यानंतर... आत्यानं चिडवणंसुद्धा बंद केलं, तेव्हा मला खरी भीती वाटली.

बाराव्या गाडीचा शेवटचा पट्टा मी लावत होते. लांबलचक, पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत. अर्धा बसला होता, अर्धा ओला, माझ्या हातात.

"बगळा आला गं..." आत्याची हाक आली. "आणि पायी आलाय!"

तो फाटकातून चालत येत होता. गुडघ्यापर्यंत धूळ, कपाळावर घाम.

"गाडी कुठेय?" मी विचारलं.

"तळ्यावर. घर तिथेच ठेवून आलो."

"बिघडली?"

"नाही. अगदी ठणठणीत आहे. म्हणून तर नाही आणली."

"मग काम काय काढलंत?"

"काहीच काम नाही." त्यानं घाम पुसला. "तुम्ही म्हणालात, मोडून यायचं नाही. पंचवीस दिवस शोधलं, न मोडता यायचं तर कारण काय सांगायचं. कारण सापडेना. मग म्हटलं, बिनकारणाचंच जावं." तो थांबला. "तुम्ही मला आवडता. सहा किलोमीटर पाठ करत आलो. बरंच लांब होतं हो ते... बाकीचं विसरलो."

 ओला पट्टा सोडता येत नाही. सोडला की चिकटला जिथे पडेल तिथे.

"थांबा," म्हटलं. "हा अर्धा राहिलाय."

"थांबतो."

"लांब आहे."

"थांबतो हो."

मी रबरी पट्टी फिरवायला लागले. दहा मिनिटांचं काम, पण हात पुढे सरकेना. दिव्याजवळ पोचले तेव्हा पत्र्याकडे बघत म्हटलं, "मलाही."

"काय?"

"मलाही तुम्ही आवडता म्हटलं! आणि नुसते उभे काय राहिलात? ते टोक धरा, लोंबतंय."

त्यानं टोक धरलं. दोन्ही हातांनी, जसं काही काच आहे.

संध्याकाळी बाबा तपासायला आले. चष्मा लावला, आणि दारापासून दिव्यापर्यंत कडेवरून अंगठा फिरवत गेले. मागच्या चाकापाशी थांबले. मला तोवर ते दिसलंच नव्हतं. तिथून पुढे माझा पट्टा चांगला दोन बोटं खाली उतरला होता. शिडी माझी झाल्यापासूनचा पहिला वाकडा पट्टा.

"हा उद्या काढून परत लावावा लागेल," बाबा म्हणाले.

"हो, बाबा."

त्यांनी स्टुलावर बसलेल्या त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"आज राहू दे," म्हणाले, आणि आत गेले.