चुना अजून मुरायचाय

आमच्या परड्यातल्या पिंजराच्या, म्हणजे भाताच्या वाळल्या काडाच्या, गंजीत एक अनोळखी माणूस खांद्यापर्यंत हात घालून उभा होता. डोळे मिटलेले. मी शेणाची पाटी घेऊन जागच्या जागी थांबले.

"पावणं, काय हरवलंय काय?"

"ओल शोधतोय," तो डोळे न उघडताच म्हणाला.

आमच्या नेसरीत नाना तऱ्हेची माणसं येतात, पण ओल शोधत आलेला हा पहिलाच. हात बाहेर काढून त्यानं मूठभर पिंजर गालाला लावलं, मग डोळे उघडले... मेल्याचे डोळे चांगले होते. माझं काम बिघडायला तिथनंच सुरुवात झाली.

नाव वीरेश, गाव जयसिंगपूर. शिकला बांधकामातलं, पण सिमेंट-विटा सोडून भाताच्या पिंजराची घरं बांधायचं डोक्यात घेऊन बसलेला. आमच्या शेजारच्या तानाबाईचं घर दोन पावसाळ्यांपूर्वी पडलं, तेव्हापासून म्हातारी पत्र्याच्या आडोशाला राहत होती. तिला परवडेल असं घर हा उभं करणार होता. दगडाचं जोतं, बांबूचा सांगाडा, वर कौलं, आणि भिंतीला पिंजराचे दाबून बांधलेले गठ्ठे. आतबाहेर चुन्याचा गिलावा.

"म्हशी घर खाऊन टाकतील की," मी म्हटलं.

"गिलाव्याला एकदा जीभ लावू दे त्यांना. परत नाही येणार."

"आणि उंदीर?"

"गठ्ठा इतका दाबायचा की त्याला शिरायला फट मिळत नाही. विटेला भट्टीचा जाळ लागतो, याला नुसतं ऊन पुरतं. नाहीतरी सुगी झाली की उरलेलं पिंजर लोक शेतातच पेटवून देतात ना?"

"आम्ही न्हाय पेटवत. म्हशीला घालतो."

"मग त्यातलं थोडं मला द्याल? एकच अट आहे. कोरडं पाहिजे. ओला गठ्ठा भिंतीत गेला की आतून कुजतो, आणि वर गिलावा बसला की कुणाला कळतही नाही."

"कोरडं हाय. जबाबदारी माझी."

असं मी पटकन बोलून जाते आणि मग रात्रंदिवस काळजी करत बसते. अव्वा, माझी आई, म्हणते, म्हशी राखणं हा तुझा जोडधंदा, खरा धंदा काळजीचा.

त्यानंतर सकाळचं दूध डेअरीला घातलं की मी तानाबाईच्या जागेवर. लाकडी पेटीत पिंजर भरायचं, वर उभं राहून पायांनी तुडवायचं, दोरीनं आवळायचं.

"तुमचं वजन कमी पडतंय," वीरेश म्हणायचा.

"मग तुम्ही बी या की वर."

आला. पेटी जेमतेम दोन फूट रुंद... त्याच्या सदऱ्याला चुन्याचा वास येत होता. तो गठ्ठा मात्र सगळ्यांत घट्ट बसला.

ओल ओळखायला त्यानंच शिकवलं. "हाताला घट्टे पडलेत, त्याला काय कळणार? गालाला कळतं." असं म्हणून चार काड्या माझ्या गालाला टेकवल्या. "थंड लागलं तर ओल आहे. लागतंय?"

"न्हाय," मी म्हटलं. कान तापले होते, गालाचं काय विचारता!

तेव्हापासून येणारी प्रत्येक गाडी तपासायचं काम माझ्याकडं आलं. मी हो म्हटलं की माल आत, नाही म्हटलं की उन्हात.

तिकडं पिंपात चुना भिजत घातलेला. वीरेश रोज सकाळी काठीनं ढवळायचा, बोटावर घेऊन बघायचा आणि म्हणायचा, "अजून मुरायचाय." तानाबाई करवादायची, "चुना हाय का लोणचं रं?"

शेवटची गाडी भरली त्या दिवशी तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "गिलावा झाला की मी निघेन. जयसिंगपूरला काम अडलंय."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण सगळा दिवस माझं कशातच लक्ष लागलं नाही, आणि त्या गाडीला मी गाल लावलाच नाही. हे माझ्या ध्यानात आलं पंधरा दिवसांनी, म्हणजे गिलाव्याच्या आदल्या दिवशी, सांजेची धार काढताना.

अव्वा सहज म्हणाली, "दानू, म्हैस दूध चोरायला लागलीया गं. परत पिंजराला गूळ-मिठाचं पाणी मारायला पायजे. मागं दाराजवळच्या राशीला मारलतं, ती तू तिला घातलीस न्हवं?"

माझा हात थांबला. म्हशीनं चवीनं खावं म्हणून पिंजरावर गूळ-मिठाचं पाणी शिंपडायची आमच्याकडं जुनी रीत. पण ती रास मी म्हशीला घातलीच नव्हती. शेवटच्या गाडीत भरली होती. तिचे अकरा गठ्ठे तानाबाईच्या मागच्या भिंतीत गेले होते, आणि म्हातारीनं आपली खाट ठेवायची म्हणून तीच भिंत नेमून ठेवलेली.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. उद्या गिलावा, परवा तो जाणार. आणि मी जाऊन सांगायचं, भिंत उकला? गल्ली म्हणेल, पोरीनं पावण्याला अडकवायला युक्ती काढली. म्हणू दे. पण तोही तसंच म्हणाला तर? गप्प बसावं तर श्रावणापर्यंत भिंतीला वास सुटणार, म्हातारी त्यातच निजणार आणि लोक म्हणणार, बघा, पिंजराचं घर ते पिंजराचंच. पुन्हा त्याला कुणी दारात उभं करणार नाही. बोलले तर मला लाज, नाही बोलले तर त्या दोघांचं वाटोळं. एवढं साधं गणित, पण उजाडेपर्यंत ते मला सुटलं नाही.

सकाळी दूध तसंच ठेवून धावत गेले. वीरेशच्या हातात चुन्याची थापी होती.

"थांबा. मागच्या भिंतीत ओल हाय."

"पाऊस कुठं पडलाय?"

मी सगळं सांगितलं. म्हैस, गूळ-मीठ, रास. "आणि त्या गाडीला मी गाल लावला न्हाय."

"का?"

"तुम्ही जाणार म्हटला म्हणून. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं." तोंडातून गेलं ते गेलं. "अडकवायला आलेली न्हाय मी. खोटं वाटत असंल तर हात घालून बघा."

त्यानं थापी ठेवली, एका गठ्ठ्याची दोरी कापली, बाही वर केली आणि खांद्यापर्यंत हात भिंतीत घातला. डोळे मिटले. पहिल्या दिवसासारखाच... फक्त या वेळी भीतीनं मला देवाचं नावही आठवत नव्हतं. मूठभर पिंजर काढून त्यानं गालाला लावलं, मग माझ्या गालाला. थंडगार. आंबूस गुळाचा वास, आणि मागून मुंग्यांची रांग.

"उकलायची," तो म्हणाला.

तानाबाई जोत्यावर कपाळाला हात लावून बसली आणि मला रडू फुटलं. "माझ्यापायी तुमचा सगळा खोळंबा झाला."

"दानेश्वरी, रडू नका. एक सांगू?" तो पिंपाकडं बघत होता. "चुना आठ दिवसांपूर्वीच मुरला होता."

"मग रोज 'अजून मुरायचाय' काय म्हणत होता?"

"तो मुरला की मला जावं लागलं असतं ना."

मला आधी राग आला, मग हिशेब कळला. हा खरं बोलला असता तर ती भिंत आठवड्यापूर्वीच गिलाव्यानं बंद झाली असती.

अकरा गठ्ठे निघाले, आतून काळे पडलेले, उकिरड्यावर गेले. अव्वानं म्हशीच्या वाटणीचं कोरडं पिंजर काढून दिलं, वर मला चार शब्दही सुनावले. दुपारी नवे गठ्ठे बांधताना वीरेश म्हणाला, "अजून चार दिवस. मग मात्र थांबायला कारण उरणार नाही."

"कारण कशाला लागतंय? थांबायचं असंल तर थांबा की."

मग खिशातून फोन काढून त्यानं तिथंच आईला लावला. "अव्वा, यायला उशीर होईल. इथं चुना अजून..."

मी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघितलं.

"न्हाय गं, चुना मुरलाय," तो हळूच म्हणाला. "मीच थांबतोय. इथं एक मुलगी हाय."

तानाबाईनं मान वर केली. मी पुढचा गठ्ठा उचलून गालाला लावला. तो कोरडाच होता, मघाशीच तपासला होता, पण तोंड लपवायला जवळ दुसरं काही नव्हतं.