पंचमीचं पार्सल

मोहनरावांना हे सांगायला बसवलं, तर ते पहिल्याच वाक्याला अडतील. आधी बायकोचं, साखराबाईंचं, बोट हललं की आधी तो आवाज आला, हे त्यांना नक्की आठवत नाही. तारांच्या कंपनांवर पीएच.डी. केलेला हा माणूस, पण कुलूप लावलं की नाही हे बघायला कोपऱ्यावरून परत येणारा. त्यांच्या आठवणीवर सगळ्यात कमी विश्वास त्यांचा स्वतःचाच. पार्सल मात्र नागपंचमीच्या दुपारी आलं, यात शंका नाही. कारण त्या दिवशी भिवराबाई गवार सुरीने न चिरता हाताने मोडत बसली होती.

भिवराबाई त्यांची धाकटी बहीण. वहिनी अंथरुणाला खिळली तेव्हा नेकनूरहून बीडला आली, ती इथलीच झाली. साखराबाईंचं उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही. पंचमीच्या फेरात जिच्या गळ्यासाठी बायका खोळंबून राहायच्या, ती दोन वर्षं छताकडे बघत पडून होती. डॉक्टर म्हणाले होते, अशा माणसाला कधी कधी आधी सूर परत येतो आणि सुरामागून शब्द. मोहनरावांनी रेडिओ लावून पाहिला, मोबाइल उशाशी ठेवला. बाई ढिम्म. मग एकदा मोबाइलवरच त्यांनी अर्हू ऐकलं. चिनी वाद्य, दोनच तारा, आणि तोंड मिटून गुणगुणणाऱ्या बाईसारखा आवाज. तो साखराचाच आवाज आहे, असं त्यांना वाटलं. उभ्या जन्मात त्यांनी टाळसुद्धा धरला नव्हता, तरी थेट चीनमधून ते मागवलं.

"सर, लई लांबून आलंय," कुरिअरवाला सद्दाम खोकं ओट्यावर ठेवत म्हणाला. "आत बंदूक-बिंदूक न्हाई ना? माझं लगीन व्हायचंय आजून."

"वाद्य आहे रे."

"आता शिकणार? मंग शेजाऱ्यांचं काय खरं न्हाई."

मोहनरावांनी कटर शोधायला ड्रॉवर ओढला, तशी भिवराबाई गवार ठेवून उठली.

"दादा, आज नको. आज चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई. तवासुदिक ठेवला न्हाई मी. उद्या फोड की. कुटं पळून चाललंय?"

"हो, उद्याच."

"कबूल?"

"कबूल."

ती लाह्या आणि दुधाचा गडवा घेऊन गल्लीतल्या बायकांबरोबर वारुळाकडे गेली. घर रिकामं झालं.

उद्यापर्यंत थांबायला हरकत नव्हती. पण साखराबाईंनी आठवडाभरात गिळणंच सोडलं होतं. चमच्याने घातलेलं दूध गालावरून ओघळून उशीत मुरायचं आणि खोलीला आंबूस वास यायचा. काल डॉक्टरांनी चष्मा पुसत नुसतंच "बघू" म्हटलं होतं. त्या "बघू"मुळे मोहनरावांचा रात्रभर डोळा लागला नव्हता. त्यांनी खोकं तिच्या पलंगाशी ओढलं आणि कटर चालवला.

बायका परतायच्या आत उरकायचं होतं. पातं खोल गेलं.

आत काळी पेटी निघाली, तिचं झाकण वाटेत मोडलेलं. ओल्या पोत्याचा, दमट मातीचा वास आला. लांब दांडी, खाली सहा कोनांची लहानशी डबी, आणि डबीच्या तोंडावर ताणून बसवलेली खवल्यांची कातडी. जाहिरातीतला फोटो त्यांनी पाहिला होता, म्हणूनच बहिणीला दाखवला नव्हता. कातडीवर आता एक बारीक तिरपी चीर होती. त्यांनी ती बोटाने चाचपली. पडदा फाटलेला नव्हता, फक्त ओरखडला होता.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा कुरकुरत थांबला. बाहेर आभाळ भरून आलं होतं, खोलीत राखेसारखा उजेड उरला.

त्यांनी गजाच्या केसांना राळ घासली. या वाद्याचा गज दोन तारांच्या मधे अडकलेला असतो, तो बाहेर काढताच येत नाही. खुर्चीवर बसून त्यांनी तो हळूच ओढला. पहिल्यांदा नुसती खरखर. मग सूर लागला... मिटल्या ओठांतून निघावा तसा.

साखराबाईंच्या उजव्या हाताचं बोट चादरीवर हललं. किंवा ते आधीच हललं होतं.

आणि पलंगावरून तोच सूर आला.

मोहनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "साखरा..." म्हणत त्यांनी गज थांबवला. सूर थांबला नाही. ते वाकले, तिच्या ओठांपाशी कान नेला. ओठ मिटलेले होते. नाकाशी बोट धरलं, तर श्वास लागेना. सूर त्यांच्या मागून येत होता, खुर्चीवर टेकवलेल्या वाद्यातून.

तार घट्ट धरली की ती गप्प होते, हे त्यांनी आयुष्यभर पोरांना शिकवलं होतं. त्यांनी दोन्ही तारा मुठीत धरल्या. सूर तसाच. मग त्यांनी तळहात खवल्यांवर दाबला. पडदा गार होता... आणि सावकाश फुगत होता, बसत होता. झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा.

त्यांनी हात काढला. सूर तुटला.

"दूध," साखराबाई म्हणाल्या.

दोन वर्षांनी पहिला शब्द. मोहनराव धडपडत स्वयंपाकघरात गेले, वाटी भरून आणली, तिच्या ओठांना लावली. एक थेंब सांडला नाही. वाटी रिकामी झाली. गळा मात्र एकदाही हलला नाही.

भिवराबाई परतली तेव्हा वहिनी उशीला टेकून बसली होती. ती दारातच रडायला लागली. "वहिनी, बोल गं माझे माय..." रडत रडत तिने वहिनीचे केस मागे सारले आणि थबकली. साखराबाईंच्या गळ्यावर बारीक तिरपी चीर होती. रक्त नाही. नुसती रेघ.

"दादा, हे काय लागलं वहिनीला?"

"नख लागलं असेल."

"सुरी लावलीस का तू?"

"नाही," मोहनराव म्हणाले.

पेटीत ठेवताना त्यांनी वाद्य पुन्हा पाहिलं. पडदा कोरा होता, ओरखड्याचा मागमूस नाही. पेटीच्या मखमलीवर मात्र एक पातळ, पांढुरकी कात पडली होती आणि तिच्यात तिरपी चीर होती. भिवराबाईने ती कात पाहिली. लांबूनच हात जोडले आणि पेटी माळ्यावर टाकायला लावली. नंतर एकदा त्यांनी चोरून गज ओढून पाहिला. तारा सुखरूप होत्या, राळ होती, पण वाद्यातून हूं की चूं निघालं नाही.

साखराबाई मात्र बोलत्या झाल्या. पुढच्या पंचमीला त्या पलंगावर बसून गायल्या आणि बायकांनी खिडकीशी उभं राहून ऐकलं. बायका म्हणाल्या, गळा तोच हाय. मोहनरावांना खात्री देता आली नाही. तिच्याशेजारी झोपताना ते दिवा चालू ठेवत. ती कधी हसून म्हणे, "काय बघताय एवढं?" आणि ते म्हणत, "काही नाही." तिच्या श्वासाचा आवाज येत नसे.

अशी वर्षं गेली. मग त्यांचा जुना विद्यार्थी अमरसिंह भेटायला आला. तो अंबाजोगाईला प्राणिशास्त्र शिकवतो. आतल्या खोलीत साखराबाई गुणगुणत होत्या. मोहनरावांनी त्याच्याकडून पेटी माळ्यावरून काढवली, झाकण उघडून दिलं, आणि आपण काही बोललो तर वेडे ठरू म्हणून फक्त भिंग पुढे केलं.

अमरसिंहने पडदा भिंगातून पाहिला, कडेचा एक धागा सोलून काडीने जाळला. "सर, हे प्लास्टिक आहे. खवले वर छापलेत. परवान्याशिवाय सापाची कातडी देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणून परदेशी गिऱ्हाइकाला असंच देतात." मोहनरावांनी विकणाऱ्याला विचारून खात्री केली. उत्तर तेच आलं.

पण त्याआधी, पेटी बंद करताना, अमरसिंहने ती कात दोन बोटांत धरून उजेडात वाकवली होती. ती मोडली नाही, मऊच राहिली.

"ही मात्र खरी आहे," तो म्हणाला. "आणि ताजी आहे, सर. फार तर आठवड्याची."