दुसऱ्या तोंडाचे सहा महिने

अर्पिताला वाटलं होतं, साप विकणारा माणूस कुठल्या तरी कोंदट खोलीत, गळ्यात माळा घालून, डोळे लाल करून बसलेला असेल. डेहराडूनला सरपटणाऱ्या प्राण्यांवर शिकताना तिनं त्याचं चित्र मनात रंगवून ठेवलं होतं. त्याला आपण कसं पकडून द्यायचं, तेही ठरवून ठेवलं होतं. सापडला तो पिंपळगाव रेणुकाईत, मळ्यातल्या घराच्या ओसरीवर, मिरच्या निवडत बसलेला. तिचाच चुलतभाऊ, भारतदादा.

विक्रीच्या एका ग्रुपमध्ये ती खोट्या नावानं शिरली होती. तिथल्या व्हिडिओत कुणाचा चेहरा दिसत नसे. नुसता एक हात दिसे आणि त्यावर मांडूळ. त्या हाताच्या करंगळीचं अर्धं नख विळ्यानं गेलेलं होतं. त्याच हातानं लहानपणी भुईमुगाच्या रानात एक मांडूळ उचलून तिच्या ओंजळीत ठेवलं होतं. "भिऊ नको, गरीब जनावर आहे," असं तेव्हा तो म्हणाला होता. त्या एका दुपारच्या जोरावर ती एवढी शिकली.

तिनं मोबाइल त्याच्यापुढं धरला. दादाला लाज वगैरे काही वाटली नाही. उलट तो खदखदून हसला.

"तूच का ती सोनाली मॅडम? मला वाटलं, कोण बाई ही, नुसतं विचारून राह्यली, घेत तर काहीच न्हाई!"

"दादा, हे मांडूळ आहे. त्याला एकच तोंड असतं, हे तुला माहीत आहे."

"मला हाय गं. गिऱ्हाइकाला कुठं हाय? त्याला दुतोंड्या पाहिजे. घरात ठेवला की धन सापडतं म्हणे." तो पुढं सरकला आणि गुपित सांगावं तसं बोलू लागला. "मांडुळाची शेपटी आधीच बोथट, तोंडावानी. थोडी कसर राह्यती, तेवढी मी भरून काढतो."

चुलीशेजारच्या भिंतीत एक दाभण खोचलेली होती. तिचं टोक काळं पडलेलं होतं. घरभर मिरचीचा खाट होता, पण त्याच्याखाली आणखी एक वास होता. जळालेल्या केसासारखा.

"जिवंत असताना?" अर्पितानं दाभणीकडं बोट दाखवलं.

"मेलेलं कोण घेतं?"

तिनं व्हिडिओ थांबवून मोठा केला. शेपटीवर डागून काढलेले दोन डोळे तिच्याकडं टक लावून पाहत होते. "धड खोटं तरी करायचं. सापाला पापण्या नसतात, दादा. तू पापण्या काढल्यास."

"मला काय ठावं त्याचे डोळे कसे राह्यतेत? आरसा घेतला समोर अन् माझेच बघून काढले." त्यानं डोळे मिचकावले. त्याच्या डाव्या पापणीत एक केस पांढरा होता, अगदी लहानपणापासून. "बराबर जमलेत की!"

"सगळे परत आणायचे. जेवढे विकलेस तेवढे. रानात सोडायचे. नाहीतर मी वन खात्यात तुझं नाव देणार. चुलतबहीण आहे म्हणून गप्प बसणार नाही."

"गेला माल परत येत नसतो, अर्पे," दादा म्हणाला आणि पुन्हा मिरच्या निवडू लागला.

दिवेलागणीला लाईट गेली. वहिनी लेकरांना घेऊन माहेरी गेलेल्या, त्यामुळं घर सुनं होतं. दादानं कंदील लावला, तेवढ्यात वाटेवर पावलं वाजली. एक म्हातारा आला. डोक्याला पटका, उजव्या हाताला गुंडाळलेला टॉवेल आणि काखेत फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं.

"त्रिंबकमामा, अंकुशनगरचे," दादा कुजबुजला. "माल खोटा म्हणून भांडाया आले असतील. तू बिलकुल बोलू नको."

अर्पिता मनातून हरखली. फसवला गेलेला माणूस आपल्या पायानं आला होता. साक्षीदार!

"मामा, व्हिडिओत दाखवला तोच दिला," दादानं आधीच सुरू केलं. "पसंत करून नेला तुम्ही. आता खोटा म्हणून…"

"खोटा म्हणून न्हाई आलो." म्हातारा उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. "खरा निघाला म्हणून आलो."

बाहेर रातकिडे किरकिरत होते. ते एकाएकी थांबले.

"दुतोंड्या सहा महिने एका तोंडानं चालतो, सहा महिने दुसऱ्या. तुमीच म्हणला व्हता ना, भाऊ?"

"म्हणलो व्हतो… समदेच म्हणतेत."

"पहिल्याचे सहा महिने सरले. मंग ते दुसरं… जागं झालं."

"काय जागं झालं, मामा?" अर्पितानं विचारलं.

"पोरी, उंदीर टाकला, तो शेपटीकडच्या तोंडानं गिळला. म्हणलं, भास असंल. पण मडकं कसंबी फिरवा, ते तोंड इकडंच वळतंय. पिंपळगावकडं. एसटीत मांडीवर धरलं व्हतं. गाडी वळली की आतून सरकायचं… पुन्हा इकडं." त्यानं मडकं अलगद उंबऱ्यावर ठेवलं. "मला काही परत नको. फकस्त हे घ्या."

जायला वळताना त्याच्या हातावरचा टॉवेल सरकला. मनगटावर बारीक काळे ठिपके होते, अर्धगोल ओळीत. दात लागावेत तसे. पण ते दातांचे व्रण नव्हते. ते चटके होते.

"नाटक करून राह्यलं म्हातारं," दादा म्हणाला. पण फडक्याची गाठ सोडायला त्याला फार वेळ लागला.

त्यानं मांडूळ बाहेर काढलं. खरं डोकं वेटोळ्यात लपवून मांडुळानं शेपटी वर धरली होती. घाबरलं की मांडूळ असंच करतं, हे अर्पिताला माहीत होतं. तिनं मोबाइलचा उजेड पाडला. शेपटीवरचे डोळे मिटलेले होते.

मिटलेले? व्हिडिओत तर ते उघडे होते.

मग पापण्या उचलल्या. मिटल्या. पुन्हा उचलल्या. झोपेतून उठलेल्या माणसाला समोरच्याची ओळख पटावी, तशा हळू.

"अर्पे… उजेड हलला का गं?"

"न्हाई, दादा," ती म्हणाली. किती वर्षांनी तिच्या तोंडून तो 'न्हाई' निघाला.

शेपटी त्याच्या तोंडासमोर येऊन थांबली. तापल्या तव्यावर थेंब पडावा तसा आवाज झाला. चूल थंड होती, तरी जळक्या केसांचा वास उठला, ताजा. दादा ओरडला नाही. डोळ्यांवर हात दाबून मटकन खाली बसला. मांडूळ त्याच्या हातातून सुटलं आणि अर्पिताच्या ओंजळीत आलं. मऊ, गार, गरीब. तिला त्यानं काही केलं नाही. तिनं ते परत मडक्यात सोडलं.

रात्रभर दादानं डोळ्यांवरचे हात काढले नाहीत. पहाटे तिनं दवाखान्यासाठी गावातली गाडी सांगितली. उजाडल्यावर त्याचे हात ओढून बाजूला केले. डोळे सताड उघडे होते, कोरडे, लाल.

"मिटत न्हाईत गं… पाणी घाल…"

पापण्याच नव्हत्या. कापलेल्या नाहीत, जळालेल्या नाहीत. त्यांच्या जागी गुळगुळीत कातडी होती, जणू जन्मतःच तशी.

तिनं मडक्यात डोकावलं. शेपटीवरचे डोळे शांत मिटलेले होते. काल त्या पापण्यांच्या कडेला नुसता डाग होता. आज केसांची बारीक झालर होती आणि डावीकडच्या झालरीत एक केस पांढरा.

खाटेवर दादाचा मोबाइल थरथरू लागला. नावं वेगवेगळी, मजकूर एकच. भाऊ, माल परत घ्या.

"येऊ देऊ नको त्यांना… अर्पे, नंबर बंद कर…"

अर्पिता बराच वेळ त्या उघड्या डोळ्यांकडं पाहत राहिली. मग भिंतीतल्या दाभणीकडं. सगळे परत यावेत, रानात सुटावेत, एवढंच तर तिला हवं होतं. तिनं ग्रुप उघडला आणि दादाच्या नावानं लिहिलं, 'सगळे परत आणा. मी घरीच आहे.'

मग तिनं गाडीवाल्याला फोन लावला आणि येऊ नको म्हणून सांगितलं.