समोर दिवा लागला तेव्हा

"कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर आहेत," मी फळ्यावर कावळा काढत सांगत होते. "त्या पायांमध्ये विभवांतर नाही. विभवांतर नाही, म्हणून धारा नाही. म्हणून कावळा मजेत!"

"आणि बाई, त्याचं शेपूट लोखंडी खांबाला टेकलं तर?"

आवाज वर्गातून आला नव्हता. खिडकीतून आला होता! माझी शिकवणी घराच्या माडीवर चालते आणि खिडकीला लागूनच विजेचा खांब आहे. त्या खांबावर, कमरेला पट्टा बांधून, एक लाइनमन लटकला होता... आणि हसत होता.

"मग परिपथ पूर्ण होईल," मी कशीबशी म्हणाले. "धारा कावळ्यातून जमिनीत जाईल. पण तुम्ही तिथं काय करताय?"

"शेपूट सांभाळतोय!"

दहावीची पोरं फिदीफिदी हसली आणि त्या दिवसापासून त्याचं नाव कावळा पडलं. मला मात्र हसू येईना. पहिल्या भेटीत माणसाचे डोळे दिसतात म्हणे. मला त्याचे हात दिसले, आणि त्या हातांपासून वीतभर लांब असलेल्या तारा. माझे तळहात घामानं भिजले होते.

मी भित्रीच आहे. वीज शिकवते खरी, पण जिन्याखालच्या जुन्या मेन स्विचला जन्मात हात लावलेला नाही. त्याचा खटका ओढला की ठिणगी उडते. ज्याला काही ठाऊक नसतं तो निवांत झोपतो. मला आकडे ठाऊक होते, हीच तर पंचाईत!

कावळा मग वरचेवर गल्लीत दिसू लागला. खाली बाबांचं औषधांचं दुकान. कधी पट्टी हवी, कधी मलम. आणि नेमकी शिकवणी सुटताना जिन्यापाशी एखादी शंका.

"एवढं काय घाबरता, बाई? मी ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज काढतो, तार तपासतो, मगच हात लावतो."

"साध्या बल्बला जेवढी धारा लागते ना, तिच्या पाचव्या हिश्शानं माणसाचं हृदय थांबू शकतं."

"माझं रोज या जिन्यापाशी थांबतं... ते किती अँपिअरनं?"

"फाजीलपणा पुरे!" म्हणाले खरी, पण कान तापले होते.

एका संध्याकाळी मात्र त्यानं शंका विचारली नाही. हळूच म्हणाला, "बाबांशी बोलू?"

मला किती हो म्हणायचं होतं! पण डोळ्यांपुढे तो खांब आला. "नको," मी म्हणाले. "रोज खांबावर चढणाऱ्या माणसाची वाट बघत बसणं... मला नाही जमायचं."

त्या आठवड्यात त्याला पट्टीही लागली नाही आणि मलमही.

मग वादळ आलं. भर दुपारी अंधारून आलं, फांदी कोसळली आणि गल्लीच्या तोंडाशी तार तुटली. कावळा आला. वीज बंद करून त्या टोकाच्या खांबावर चढला. बघायचं नाही असं ठरवून मी खिडकीत उभी होते.

खाली बाबा कासावीस झाले होते. फ्रिजमध्ये इन्सुलिन होतं. त्यांनी नवा जनरेटर अंगणात काढला. आता तो सरळ फ्रिजला जोडायचा की नाही? पण बाबांना सगळं घर उजळायचं होतं. त्यांनी दोन्ही टोकांना प्लग बसवलेली एक वायर बनवली होती. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटमध्ये. जनरेटर धडधडला आणि माझ्या डोक्यावरचा पंखा फिरू लागला. वा, बाबा!

तेवढ्यात समोरच्या काकू आनंदानं ओरडल्या, "आले गं बाई, लाइट आले!"

त्यांच्या ओसरीत दिवा लागला होता.

जनरेटर आमचा... मग दिवा काकूंकडे कसा? वीज सॉकेटमधून घरात शिरली होती, मेन स्विचमधून उलटी बाहेर पडली होती आणि गल्लीतल्या तारांत धावत होती. धारेला फक्त पूर्ण परिपथ हवा असतो. ती कुठल्या टोकानं आली, हे तार थोडीच विचारते! आणि त्याच तारेचं तुटलेलं टोक कावळ्याच्या हातात असणार होतं.

हाक मारून उपयोग नव्हता. जनरेटरच्या धडधडीत गल्लीच्या तोंडापर्यंत काय ऐकू जाणार? मी जिना कसा उतरले, देव जाणे. मेन स्विचपुढे क्षणभर हात थिजला. मग खटका धरला आणि ओढला. ठिणगी उडाली.

"अगं, मेन का ओढलास?" बाबा ओरडले. मी अनवाणी धावत सुटले होते.

तो खांबावर होता. मान खाली लोंबलेली. हलत नव्हता.

"अहो!" माझा आवाज फाटला. "अहो, ऐकताय ना? अहो!"

साऱ्या गल्लीनं ते ऐकलं.

मान हळूच वर झाली. "पक्कड निसटली हातातून," तो म्हणाला. "कुठं पडली तेच बघत होतो. द्या ना जरा!"

"तारेला हात लावू नका! खाली या!"

खाली येईपर्यंत तो हसत होता. मी सांगितलं आणि हसू मावळलं.

"पण मी तपासली होती. बंद होती तार."

"तुम्ही तपासली तेव्हा बंद होती."

तो खांबाला टेकून मटकन खाली बसला. "बाई... मला आज पहिल्यांदा भीती वाटली."

"मला रोज वाटते," मी त्याचा हात धरून म्हणाले. काकू बघत होत्या, बघू देत! "लग्न केलं तरी वाटणार, नाही केलं तरी वाटणार. मग... केलेलंच बरं."

बाबा ती वायर हातात घेऊन धापा टाकत आले. मेन ओढताच काकूंकडचा दिवा गेला, तेव्हा त्यांनाही सारं उमगलं होतं. चेहरा पांढराफटक. "पोरा, माझ्या हातून आज..."

"बाबा, मला तुमच्याशी जरा बोलायचंय," तो उठत म्हणाला.

"आत्ता नको," मी कुजबुजले. "आत्ता ते कशालाही हो म्हणतील."

"म्हणून तर आत्ताच!"

पण तार अजून तुटलेलीच होती. बाबा जनरेटर बंद करून मेन स्विचशी पहाऱ्याला जाऊन बसले. कावळ्यानं या वेळी तारेला साखळी अडकवून ती जमिनीशी जोडली. कुणी चुकून वीज सोडलीच, तर ती त्या वाटेनं जमिनीत जावी. मग पट्टा आवळून तो पुन्हा चढू लागला. घरी जावं, दार लावून घ्यावं, असं शंभरदा वाटलं.

"बाई," वरून आवाज आला, "डोळे मिटलेत ना?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही तारेकडे बघा."