गाळ न धरणारं पाणी

सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, मी विसरलेला चष्मा आणायला प्रयोगशाळेत गेले होते. माझ्या मार्गदर्शक बाई वारल्या त्याला तीन आठवडे झाले होते. सहा वर्षं त्यांनी एकाच गोष्टीचा ध्यास घेतला होता: ग्राफीन पाण्यात पसरलेलं राहावं. ग्राफीन म्हणजे शिसपेन्सिलीतल्या शिशाचाच पापुद्रा, पण अणूइतका पातळ. पाण्यात हे पापुद्रे एकमेकांना बिलगायचे आणि सकाळी बाटलीच्या तळाशी काळा गाळ. दुसऱ्या दिवशी संस्थेचे साहेब आमचं काम गुंडाळणार होते, आणि मीही मुकाट्याने मान डोलावली होती.

दार उघडलं तर अमोनियाचा वास आला. अमोनिया कपाटात कुलपात होता, किल्ली माझ्या पर्समध्ये. सगळं सामसूम. मग काचेवर काच टेकल्याचा बारीक आवाज... थोड्या वेळाने परत एकदा. बेसिनपाशी पाणी ओतलं जात होतं. बाई गाळणीवर ओतायच्या तसंच, सावकाश, थांबत थांबत. बेसिनपाशी मात्र कोणीच नव्हतं.

मी दारातूनच हाक मारली.

"बाई...?"

पाण्याचा आवाज थांबला. मग अगदी कानाशी कोणीतरी म्हणालं,

"मीठ राहतंय गं त्यात... आधी धुऊन काढ. मग दोन थेंब..."

घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पण त्या आवाजात राग नव्हता, घाई होती. मी ग्राफीनची भुकटी चार वेळा धुतली, पापुद्र्यांना बिलगायला लावणारं मीठ पार काढलं, कुलूप उघडून अमोनियाचे दोन थेंब टाकले आणि ढवळून ठेवलं. सकाळी बाटलीत शाईसारखं एकसारखं काळं पाणी, तळाशी कणसुद्धा नाही. साहेबांनी ती तीनदा उलटीपालटी केली आणि काम चालू ठेवा म्हणाले.

नवऱ्याला सगळं सांगितलं. बाईंनी मेल्यावरही रजा घेतली नाही म्हणाला. आम्ही हसलो, मग माझे डोळे भरून आले. आज वर्ष झालं, पाणी तसंच आहे. नंतरच्या बाटल्याही छान जमल्या. मी सुखात आहे.

फक्त पापुद्रे पसरलेलेच आहेत ना हे बघायला त्या पहिल्या बाटलीतून लेझरचा किरण सोडला की पाण्यात त्याची वाट उजळते, एक बोटाएवढी पट्टी तेवढी काळी राहते. बाटली कशीही फिरवा... ती पट्टी माझ्याच बाजूला येते, रोखलेल्या बोटासारखी.