दार थोडं उचलून

धरमपेठेतल्या त्या घराचं कुलूप निघालं, पण दार काही उघडेना. डोक्यावर एप्रिलचं ऊन, आणि मी खांद्याने ढकलतेय... तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा जी. थोडं उचलून ढकला."

त्याने एका हाताने दार अलगद उचललं, आणि ते उघडलं. "मी चेतन," म्हणाला, आणि असा हसला की माझ्या हातातली किल्लीच पडली. मलाही हसू आलं.

मी दीक्षा. बँकेने ताब्यात घेतलेली घरं आमचं ऑफिस विकून देतं. माझा नियम एकच — आधी दोष, मग घर. त्यापायी बरीच गिऱ्हाइकं पळाली होती. सकाळीच आमचे साहेब, प्रेमानंदजी, म्हणाले होते, "आजचं गिऱ्हाईक गेलं तर तूही उद्यापासून येऊ नको. भिंतीच्या ओलीचं तोंडातून काढू नको."

मी काढलंच. "कूलरच्या पाण्यानं ही भिंत ओली राहते. वरून रंग मारला आहे, फसू नका. गच्चीही गळते."

"अन् पावसाळ्यात मोरी तुंबते," तो सहज बोलून गेला.

मोरीचं तर मलाही माहीत नव्हतं. आणि ते दार...

"तुम्ही इथंच राहत होते ना?"

त्याची मान खाली गेली. "आमचंच होतं. बाबांचा धंदा बुडाला. विकायच्या आधी एकदा पाहाचं होतं... सांगणारच होतो, पण तुम्ही हसल्या, अन् —"

"अन् काय? मी भिंतीची ओल सांगून राहिली, अन् तुम्ही एवढं लपवून राहिले! मले वाटलं, गिऱ्हाईक आलं!"

खरं सांगू? राग नोकरीचा नव्हताच. तो मला आवडला होता.

तेवढ्यात खरं गिऱ्हाईक आलं. खापरखेड्याच्या गोपिकाबाई आणि त्यांचे यजमान. मी चेतनकडे वळले. "सांगा आता यांना. सगळं."

त्याने सांगितलं. कूलरचा स्टँड भिंतीपासून हातभर लांब ठेवा. गच्ची या कोपऱ्यात फुटते. मोरीचा पाइप इथून वळतो. आईच्या ओट्यापाशी आवाज जरा अडखळला, पण तो थांबला नाही.

गोपिकाबाई यजमानांना म्हणाल्या, "इतकी घरं पाहिली, सारी नव्या रंगाची. खरं कोणी सांगतलं नाही. हेच घेऊ."

ते गेल्यावर दार लावायचं होतं. लावतानाही उचलावंच लागतं. या वेळी दोघांनी उचललं. त्याचे डोळे भरून आले होते... मी घाई केली नाही.

"इंदोऱ्याले आमचं घर आहे," मग मी म्हणाले. "दार सरळ उघडते. चहाले चला."

"आधीच सांगतो... मी चहा नाही पीत."

"भारी दोष आहे जी. पण आधी सांगितला, चालते."

मी माझी स्कूटर काढली. दुपारभर अर्धी उन्हातच होती ती.

"मीही आधीच सांगते," मी म्हटलं, "मागची सीट लई तापली आहे."

तो बसला.